सुवैलमच्या इंजिनाला हम्दानचा पाय

क्षमा करणारी माणसं मला कधी फारशी आवडली नाहीत. एक तर आपला अपमान झालाय हेच त्यांना नीट कळलेलं नसतं, नाहीतर समोरच्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं ठेवण्यात त्यांना गंमत वाटते. मरहून मिस्त्री त्या जातीचा नव्हता, म्हणून आमचं जमलं. मी बर्फाच्या कारखान्यात आणि तो शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, होड्यांची इंजिनं उघडून बसलेला. रास मरीरच्या या अरबी किनाऱ्यावर मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली वीस तरी त्याच्या दारातल्या पालथ्या क्रेटवर बसून गेली असतील.

मरहून उंच, काळासावळा, मोजकं बोलणारा. डाव्या हाताची करंगळी होडीच्या एका पंख्याने नेलेली. इंजिन आधी कानाने तपासायचा, मग हाताने. खालच्या तीन गावांत दुसरा मिस्त्री नव्हता, त्यामुळे नातं असो की भांडण, इंजिन बिघडलं की पावलं त्याच्याच दाराशी वळायची. त्याच्या दोन सवयी मला सुरुवातीला चमत्कारिक वाटल्या. एक म्हणजे तो उभ्या उभ्या कोणाशी बोलायचा नाही, आधी बसायचा. दुसरी म्हणजे चहाच्या टपरीवर टीव्हीवर फुटबॉल लागलं की अर्धा कप टाकून निघून जायचा. मला वाटायचं, गोंगाट आवडत नसेल.

त्याच्याकडे अकरा वर्षांत एकच माणूस फिरकला नव्हता, तो म्हणजे सुवैलम. त्याचं इंजिन खोकलं तरी तो ते गाडीत घालून सूर शहरात न्यायचा, तीन तास जायला आणि तीन यायला. का ते गावातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. पण बोलायचं कोणी नाही, कारण शपथ होऊन गेली होती.

ती हकीकत सांगण्याआधी इथल्या खबरीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. इथे दोन माणसं भेटली की सलाम होतो आणि मग एक विचारतो, "काय खबर?" दुसऱ्याने म्हणायचं, "खबर काही नाही, सगळं क्षेम." घर जळालेलं असलं तरी हेच म्हणायचं. मग बसायचं, खजूर खायचा, कहवा प्यायचा आणि पेले फिरल्यावर पुन्हा विचारायचं, "काय खबर?" खरं उत्तर तेव्हा येतं. मी नवीन असताना एकाने मला सगळं क्षेम सांगितलं आणि तिसऱ्या पेल्याला म्हणाला, काल माझा बाप वारला. मी पेला सांडला. तो म्हणाला, "दाऊद, तू पहिल्या खबरीवर विश्वास कसा ठेवलास?"

आता हम्दानचं. हम्दान मरहूनचा धाकटा भाऊ. मरहून जितका घुमा तितका हा बडबड्या. बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो एकटाच समुद्रावर गेला आणि परत आला नाही. कधीकधी तो खालच्या खाडीत रात्र काढायचा, म्हणून दोन दिवस कोणी काळजी केली नाही. मग वारा उठला आणि शोधायला जाणाऱ्यांना मागे फिरावं लागलं. शेवटी दक्षिणेकडच्या एका मोठ्या गलबताला त्याची होडी सापडली. इंजिन बंद, पाण्याचे डबे कोरडे, वल्हं उभं करून त्याला डोक्याचं फडकं बांधलेलं. हम्दान खाली पडलेला. होडीच्या आतल्या अंगाला त्याने गळाच्या टोकाने सात रेघा ओढल्या होत्या आणि पहिल्या रेघेशेजारी एक नंबर कोरला होता. नंबर सुवैलमच्या होडीचा होता.

उभं वल्हं दिसलं की वाट सोडून जायचं आणि ओढून आणायचं, मग तो बापाचा मारेकरी का असेना. हा इथला दर्याचा कायदा आहे. कागदावर लिहिलेला नाही, म्हणून तर मोडत नाही. पंच बसले. मरहून म्हणाला, "हम्दान निघाला त्याच संध्याकाळी मी या सुवैलमला विचारलं होतं. हा म्हणाला, खबर काही नाही." पंचांतला सगळ्यात म्हातारा जाबूब म्हणाला, "ते तर सगळेच म्हणतात, बाळ." मग कुराण आणलं. सुवैलमने हात ठेवून शपथ घेतली, "मी त्याला पाहिलं नाही." आणि विषय संपला. शपथ झाली की त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, ना पंचांनी, ना भावाने, ना आईने. जो करेल तो गुन्हेगार.

मरहूनने उच्चार केला नाही. तो अकरा वर्षं गप्प बसला आणि अकरा वर्षं सुवैलमकडे बघत राहिला. त्याला दुसरं काही नको होतं. सुवैलमने आपल्या तोंडाने एकदा म्हणावं, मी पाहिलं. पण विचारायचीच बंदी असेल तर वदवणार कसं?

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळ आलं. सहा होड्या जाग्यावर बुडाल्या, त्यात सुवैलमची. ओढ्याला पूर येऊन सूरचा रस्ताही वाहून गेला. आणि सुरमईचा मोसम वीस दिवसांवर.

सुवैलम शेडच्या दारात येऊन उभा राहिला. सलाम घेणं भाग असतं, म्हणून मरहूनने घेतला.

"रस्ता गेलाय," सुवैलम म्हणाला.

"दिसतंय."

"इंजिन तीन दिवस तळाशी होतं. काल काढलं. त्याचा पायही तुटलाय, खडकावर आपटून."

"काढून कुठे ठेवलंय?"

"वाळूवर. उन्हात सुकतंय."

मरहून उठला. तसा रागावलेला मी त्याला फार क्वचित पाहिला. "सुकतंय? अरे, बुडालेलं इंजिन सुकवतात का? हवा लागली की खारं पाणी त्याला खायला लागतं. जा, तसंच्या तसं आण आणि त्या ड्रममध्ये घाल. गोडं पाणी भर, वरपर्यंत. उघडायची वेळ येईपर्यंत त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही."

सुवैलम गेल्यावर मी म्हणालो, "घेतलंस की काय तू?"

"ड्रममध्ये घाल म्हटलं. दुरुस्त करतो म्हटलं का?"

इंजिन सहा दिवस ड्रममध्ये होतं. मरहून रोज सकाळी पाणी बदलायचा आणि समोर बसून राहायचा. बाकीच्या पाच बुडालेल्या इंजिनांचं काम तो उभ्याने उरकत होता, पण विचार याचाच चालला होता. मी काम सोडून तिथे बसायला लागलो. बर्फ आपोआप होतो, त्याला माझी गरज नसते.

मी पहिला सल्ला दिला. "मेलं म्हणून सांग. भंगारात घाल."

"म्हणजे तो नवीन घेईल. नवंकोरं इंजिन लावून माझ्या दारावरून जाईल. ही शिक्षा झाली की बक्षीस?"

हे मला पटलं. सातव्या दिवशी त्याने इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा भाग, बाहेर काढलं आणि एका दमात उघडलं. जेवायलाही थांबला नाही, कारण आता हवा लागली होती. पिस्टन बरे निघाले. रिंगा गेल्या होत्या. क्रँकची बेअरिंगं त्याने पेट्रोलमध्ये धुतली आणि एक माझ्या तळहातावर ठेवलं. रोलरांवर तांबूस ठिपके होते, तिळाएवढेसुद्धा नाहीत.

"हे पुसून, तेल लावून बसवलं तर चालेल," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सुरेख चालेल. आठ-दहा फेऱ्या जातील. मग एक दिवस तीस मैलांवर क्रँक जाम होईल आणि इंजिन दगड होईल."

"बसव," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बघतोस काय? हम्दान सात दिवस पाण्यावाचून मेला. याला दोन दिवस तरी कळू दे. कोणाला कळणार नाही. बुडालेलं इंजिन होतं, कधीतरी जाणारच होतं." मला हे बोलताना लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

मरहूनने ते बेअरिंग कागदात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. फेकलं नाही. दोन दिवस ते तिथे होतं आणि येता-जाता त्याची नजर तिकडे जायची. तिसऱ्या दिवशी त्याने ते उचललं आणि सरळ समुद्रात भिरकावलं.

"का रे?"

"तो मेला तर बोलणार कोण?" तो म्हणाला. "त्याचा जीव घेऊन मी काय करू, दाऊद? मला त्याचं तोंड हवंय."

आता प्रश्न पायाचा राहिला. इंजिनाचं डोकं वर, त्याखाली पाण्यात जाणारा लांब पाय, त्याच्या टोकाला पंखा. धूर आणि आवाज याच पायातून बाहेर पडतो. सुवैलमचा पाय दोन ठिकाणी तुटला होता. सांधला असता, पण वाकडा राहिला असता आणि पंखा थरथरला असता. नवीन मागवला तर रस्ता होऊन तो यायला दोन महिने, म्हणजे मोसम बुडाला. मरहून तुटलेले तुकडे जुळवून बघत होता, बाजूला ठेवत होता, पुन्हा जुळवत होता. मग तो एकदम थांबला. शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेला आणि ताडपत्री ओढली.

खाली हम्दानचं इंजिन होतं. त्याच कंपनीचं, तेवढ्याच ताकदीचं. अकरा वर्षांत मरहूनने त्याचा एक स्क्रूही विकला नव्हता. दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचं चाक हाताने दोनदा फिरवायचा, जाम होऊ नये म्हणून. त्याचा पाय एका बाजूने डागलेला होता. हम्दानने तो कधीतरी खडकावर नेऊन चिरला होता आणि मरहूननेच तो सांधला होता. सांधताना वरच्या अंगाला एक बारीक भोक राहून गेलं. त्यामुळे हम्दानचं इंजिन हळू चाललं की आधी शिट्टी द्यायचं आणि मग उचकी. शिट्टी, उचकी. शिट्टी, उचकी. इथे होडी दिसण्याआधी ऐकू येते, बायका आवाजावरून ओळखतात कोणाचा नवरा आला आणि तवा चुलीवर ठेवतात. हम्दानचा आवाज तर लहान पोरंही काढून दाखवायची. मरहून म्हणायचा, भोक बुजवून देतो. हम्दान म्हणायचा, "नको. आईला कळतं मी आलो ते."

मरहूनने त्या पायाचं एक टोक धरलं, मी दुसरं. दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पुढचे पाच दिवस त्याने जे काम केलं, तसं काम त्याने सख्ख्या भावाच्या इंजिनावरही केलं नसेल. पेटीत जपून ठेवलेली नवी बेअरिंगं, नव्या रिंगा, कार्बुरेटरच्या एकेका छिद्रातून सुई घालून साफसफाई, वायरी सगळ्या बदललेल्या. सुडाचं काम होतं, त्यात हलगर्जीपणा चालणार नव्हता. इंजिन बंद पडून चालणारच नव्हतं. ते रोज जायला हवं होतं आणि रोज यायला हवं होतं. हम्दानच्या पायाचा हिरवा रंग त्याने खरवडून काढला आणि सुवैलमच्या डोक्याला जुळेल असा करडा दिला. डोळ्याला कळू नये, कानाला कळावं. भोक मात्र त्याने तारेने घासून स्वच्छ केलं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर सगळं गाव होतं. सुवैलमने इंजिन होडीला लावलं, मान वळवून पंखा बघितला, समाधानाने मरहूनकडे पाहून डोकं हलवलं. होडी पाण्यात ढकलली. दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन लागलं.

शिट्टी, उचकी. शिट्टी, उचकी.

जाळं खांद्यावर घेतलेले लोक तसेच थांबले. म्हातारा जाबूब वाळूत बसला होता, त्याने मान वर केली. सुवैलमचा हात इंजिनाच्या मुठीवरून निघाला आणि परत मुठीवर गेला.

"मरहून," तो म्हणाला, "हा आवाज कसला?"

"कसला आवाज?"

"हीच... शिट्टी."

"पाय दुसऱ्या जुन्या इंजिनाचा आहे. तुझा तुटला होता, विसरलास? हजारो मैल चाललेला आहे, काही होत नाही त्याला." मरहून अगदी शांत होता. "का? आवाजाने मासे पळतात का तुझे?"

सगळे बघत होते. सुवैलमला म्हणता आलं असतं, मला हा पाय नको. लोकांनी विचारलं असतं, का रे बाबा, शपथ घेतलेल्या माणसाला एका शिट्टीचं काय? त्याने होडी फिरवली आणि गेला. शिट्टी बराच वेळ ऐकू येत राहिली. त्या दिवशी मी मरहूनला माझ्या हाताने कारखान्यातलं थंड पाणी आणून पाजलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण मरहून एक गोष्ट विसरला होता, आणि मीही. आई.

उम्म मरहून, म्हणजे मरहूनची आई, सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र मांजराचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवैलम परत येत होता, तेव्हा ती अंगणात भाकरी थापत होती. रासेच्या, म्हणजे भूशिराच्या, वळणावरून शिट्टी आली. मरहून धावत घरी गेला, मी त्याच्या मागे. ती हात धुऊन उभी होती आणि कहव्याच्या भांड्यात वेलदोडा टाकत होती.

"आई, ऐक माझं. ते इंजिन..."

"मला शिकवतोस?" ती म्हणाली. "हम्दानच्या कफनाला अत्तर मी लावलं होतं. मेलेले इंजिनावर बसून येत नाहीत, हे मला कळतं. पाय कोणाला लावलास?"

"सुवैलमला."

तिने भांडं खाली उतरवलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी हसू म्हणणार नाही. "चल, मला किनाऱ्यावर ने," ती म्हणाली.

तिने वाळूत चटई अंथरली, भांडं मांडलं, खजुराचं ताट मांडलं. सुवैलम उतरला आणि थिजला.

"ये, सुवैलम. काय खबर?"

"खबर काही नाही, खाला. सगळं क्षेम."

तिने पेला पुढे केला. पेला नाकारणं म्हणजे थोबाडीत मारणं. तो उकिडवा बसला, प्याला, पुरे झालं म्हणून पेला हलवला आणि मासे तसेच टाकून निघाला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला शपथेची बंदी होती असं नाही. समुद्रावरून आलेल्या माणसाला खबर विचारायला बंदी कसली? पण तिने विचारलं नाही.

हे रोज सुरू झालं. रोज शिट्टी, रोज चटई, रोज एक पेला, रोज "खबर काही नाही, सगळं क्षेम." सुवैलम किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उतरू लागला. ती आवाजाच्या दिशेने चालत तिकडे पोचू लागली. तो उशिरा येऊ लागला. तिने कहवा उशिरा चढवला. एकदा त्याने रासेच्या आडच इंजिन बंद केलं आणि वल्हवत आला. पोरं हसायला लागली, "सुवैलमचं तेल संपलं." किनाऱ्याला लागल्यावर त्याने सवयीने वल्हं उभं धरलं. पोरं त्या उभ्या वल्ह्याकडे बघायला लागली. त्याने विंचू चावल्यासारखं वल्हं खाली टाकलं. तो वाळला. सुरमई भरपूर होती आणि त्याच्या घरात कोणी नीट जेवत नव्हतं, असं त्याची मेव्हणी बर्फ न्यायला आली तेव्हा सांगत होती. मी मरहूनला सगळं तिखटमीठ लावून सांगायचो.

एकेचाळिसाव्या दिवशी सुवैलमने पेला हलवला नाही.

तिने दुसऱ्यांदा भरला. तो प्याला आणि पेला तसाच पुढे धरून बसला. तिने तिसऱ्यांदा भरला. मरहून शेजारच्या होडीचा प्लग काढत होता, त्याचा हात थांबला. मी बर्फाची लादी खाली ठेवली.

"काय खबर, सुवैलम?" उम्म मरहूनने दुसऱ्यांदा विचारलं.

"मी वल्हं पाहिलं," तो म्हणाला.

किनाऱ्यावर आम्ही पाच-सहा जण असू.

"वल्हं पाहिलं. फडकं पाहिलं. हम्दान फळीआड होता, तो दिसला नाही. म्हणून शपथ घेताना मी म्हटलं, मी त्याला पाहिलं नाही. शब्द खोटा नव्हता, खाला."

"शब्द खोटा नव्हता," ती म्हणाली. "पुढे."

"माझ्या जाळ्याखाली शेवंडं होती. त्या दिवसांत ती पकडायला बंदी असते. त्याला ओढून आणलं असतं तर सगळ्यांनी होडीत बघितलं असतं. म्हटलं, आधी माल लपवतो, मग किनाऱ्यावर सांगतो, कोणीतरी जाईल. वारा नव्हता, तासाभराचं काम होतं." त्याने मान वर केली, पण तिच्याकडे नाही, मरहूनकडे पाहिलं. "मी कहवा मांडून बसलो होतो. तू आलास. उभ्या उभ्या विचारलंस, काय खबर? मी म्हटलं, काही नाही. मी पेला भरत होतो, तोवर तू निघालास. फुटबॉलचा सामना होता. मी हाकही मारली, बस की. तू म्हणालास, सुरू झाला असेल. मी भांडं गार होईपर्यंत बसलो होतो, मरहून. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी ओरडलो. मला राहवलं नाही. "दुसऱ्या दिवशी तोंडाला कुलूप होतं का तुझ्या?"

"दुसऱ्या दिवशी वाटलं, आला असेल. तिसऱ्या दिवशी वारा उठला. मग काय सांगणार, की मी परवा सांगितलं नाही?"

नीच माणूस. चार शेवंडांसाठी एक जीव घेतला आणि त्याचं खापर फोडायला एक न विचारलेला प्रश्न शोधला. मी तेव्हाही हेच म्हटलं आणि आजही म्हणतो. पण मी मरहूनकडे पाहिलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, अकरा वर्षांनी, साक्षीदारांसमोर, कहव्याच्या पेल्यावर. आणि तो प्लगचा पाना हातात धरून असा उभा होता, जणू शपथ त्याचीच मोडली होती.

"पाय काढ, मरहून," सुवैलम म्हणाला. "पंच काय ती शिक्षा देऊ देत. जाळी जाळू देत. पण पाय काढ."

मरहून होडीकडे वळला.

"राहू दे," आई म्हणाली. "पायाने काय केलंय?"

पंचांनी सुवैलमला दोन मोसम किनाऱ्यावर बसवलं. इंजिन गावाच्या होडीला लावलं, आणि ती होडी मरहूननेच चालवायची असं म्हाताऱ्या जाबूबने ठरवलं. त्यात शिक्षा होती की नाही, हे त्याने सांगितलं नाही.

म्हणून आता शिट्टी वाजवत मरहून येतो. उम्म मरहून अजून रोज सकाळी चटई घेऊन किनाऱ्यावर बसते. तो उतरतो, समोर बसतो. मी बर्फ घेऊन आलेला असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"काय खबर, मरहून?"

"खबर काही नाही, आई. सगळं क्षेम."

ती पेला भरते. तो पितो. हलवत नाही, पुढे धरतो. ती पुन्हा भरते. तिसऱ्यांदा भरते. भांडं संपेपर्यंत तो पेला हलवत नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहतो. मग ती भांडं उपडं करते, चटई झटकते आणि घराकडे चालू लागते. दुसऱ्यांदा ती विचारत नाही.